सातशे रुपयांचे बूट

आत्ताच घरी आलेय, सॅक अजून दारातच पडलीय, अंघोळ व्हायचीय, पण आधी हे लिहिते, नाहीतर आज झोप लागणार नाही.

आज राजगड होता. गुंजवण्यातून चोर दरवाजा, पावसाळ्यातली नेहमीची वाट. एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गेले होते, नाव घेत नाही. सकाळी गावात पोहे-चहा झाल्यावर लीडरने सगळ्यांना गोल उभं केलं आणि एकेकाच्या पायाकडे बघत निघाला. माझ्या शेजारी एक मुलगी होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ग्रुपबरोबरचा पहिलाच ट्रेक. पायात साधे काळे बूट, बाजारातून सातशेला घेतलेले. हा तिच्यासमोर थांबला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हे ट्रेकिंग शूज नाहीयेत. यावर मी वर नेणार नाही. तू खालीच थांब, चार वाजेपर्यंत येतो आम्ही."

ती फक्त एवढंच म्हणाली, "दादा, आमच्या गावचा डोंगर मी यावरच चढते." त्याने ऐकलंसुद्धा नाही, पुढच्या माणसाकडे गेला. पुढच्या माणसाच्या पायात घोट्याच्या वर जाणारे नवेकोरे जाडजूड बूट होते, त्याला मात्र पाठीवर थाप, "असे पाहिजेत!"

मी तिथेच खाली बसले आणि तिला बूट वर करायला सांगितला. सोलची खाच अर्ध्या बोटाएवढी खोल, रबर मऊ, नख दाबलं तर नखाची खूण उमटत होती आणि हळूहळू परत भरून येत होती. टाच घट्ट. पुढे अंगठ्याला जागा. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत याहून वेगळं काय लागतं हो? मी लीडरला बोलावलं, दाखवलं, भांडले. "ताई, रूल इज रूल." संपला विषय. आणि मी वर गेले. हे मला आत्ता टाईप करताना सगळ्यात जास्त खुपतंय, की मी तिच्याबरोबर खाली थांबायला पाहिजे होतं आणि मी वर गेले.

नऊ हजारांच्या बुटांवर मी एकदा स्वतः भरवसा ठेवलेला आहे, म्हणून हे इतकं लागलं. माझ्या जुन्या मित्रमंडळींना माहितीये ही गोष्ट, पण आज परत सांगते.

२०१२ मध्ये डिसेंबरातल्या केदारकांठासाठी, म्हणजे उत्तराखंडातल्या बर्फाळ शिखरासाठी घेतलेले, वॉटरप्रूफ, उंच घोट्याचे. बर्फात त्यांनी मला काय सांभाळलं! साडेबारा हजार फुटांवर पहाटेच्या अंधारात पाय कोरडे आणि गरम, एकदाही घसरले नाही. घरी आल्यावर पुसून, कागद भरून, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. म्हटलं हे आता खास वेळेला काढायचे. २०१७ च्या पावसाळ्यात तोरणा ते राजगड करायचं ठरलं, म्हटलं मोठा ट्रेक आहे, तेच काढूया. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरलो, राजगडाकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागलो आणि तासाभरात उजव्या पायाचा सोल फटाक्कन टाचेकडून उघडला. दहा मिनिटांत डावा. सोल हातात धरला तर मधला थर अक्षरशः ओल्या बिस्किटासारखा बोटांत चुरत होता. वरचं लेदर नव्यासारखं, लेस नव्यासारखी, आणि खाली काही नाही. मागे तोरणा, पुढे राजगडाची संजीवनी माची, मध्ये मी.

असं का होतं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, दुकानदाराने तर नाहीच. अनेक ट्रेकिंग बुटांत सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा फेसासारखा थर असतो. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो. वापरा नाहीतर नका वापरू, काही वर्षांनी तो जातोच, आणि पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला की आणखी लवकर. कोकणपट्टी, मुंबई, पुणे, आपल्या या हवेत तर विचारूच नका. दुसरा असतो ईव्हीए नावाच्या फेसाचा थर, तो असा कुजत नाही, पण वापरून वापरून दबतो आणि मग गुडघे सांगायला लागतात. म्हणजे टिकाऊ बूट हा ठेवून टिकत नाही. रोज घाला, भाजी आणायला घाला, पण घाला. आणि चार-पाच वर्षं जुना जोड असेल तर ट्रेकच्या आदल्या आठवड्यात तो घालून दोन तास चाला, दोन्ही हातांनी पिळून बघा, सोलच्या कडेला चीर दिसते का बघा. मी हे केलं असतं तर त्या धारेवर तशी बसले नसते.

आता वाटेप्रमाणे बूट, कारण हेच कोणी सांगत नाही, नुसतं "चांगले ट्रेकिंग शूज कम्पल्सरी" असा मेसेज टाकून मोकळे होतात. चांगले म्हणजे कशासाठी चांगले?

पावसाळ्यात आपल्याकडे वॉटरप्रूफ बूट घेऊन फसू नका, हे मी ओरडून सांगेन. अंधारबनला जा नाहीतर देवकुंडला जा, ओढा गुडघ्यापर्यंत आहे, पाणी वरून घोट्यातून आत शिरणारच. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारा तोच पडदा मग आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, दिवसभर पायात दोन डबकी घेऊन चालायचं, कातडी पांढरी पडून सोलते आणि बूट वाळायला पुढचे चार दिवस. त्यापेक्षा जाळीचा, हलका, पाणी शिरलं तर चार पावलांत बाहेर टाकणारा बूट. आणि रबर मऊ. आपला कातळ बेसॉल्टचा, त्यावर शेवाळ धरलं की कडक रबर काचेवर ठेवल्यासारखं सरकतं. आज चोर दरवाज्याच्या खाली रेलिंग लागतं ना, तिथल्या ओल्या कातळावर ते पाठ थोपटलेले नवे बूट दोनदा सुटले, माणूस रेलिंगला लोंबकळला, मी मागेच होते. मऊ रबर लवकर झिजतं हे मान्य, दोन-तीन पावसाळ्यांत सोल गुळगुळीत होतो. झिजू दे की. सोल झिजण्यासाठीच असतो, ढोपर नाही.

दिवाळीनंतर गोष्ट वेगळी. वाट कोरडी, घसारा सुटलेला, वाळलेलं गवत आडवं पडलेलं, आणि त्या गवतावरून उतरताना पाय शेवाळापेक्षा वाईट जातो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. तिथे खाचा खोल आणि कडा धारदार पाहिजेत, टाचेला मुरमात रुतणारी कड पाहिजे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं दगडधोंड्यांचं काम असेल तर पुढे अंगठ्यावर रबराचं कडक टोपण पाहिजे, नाहीतर संध्याकाळी नखाचा रंग बघा. अलंग-मदन-कुलंग किंवा लिंगाण्यासारखे कातळटप्पे असतील तर बूट पायाला चिकटून बसणारा हवा, आत पाय इकडेतिकडे हलता कामा नये. आणि बर्फात, तिथे मात्र माझे तेच उंच वॉटरप्रूफ बूट बरोबर होते, तिथे सातशेचे नकोतच, बोटं सुन्न पडली की मजा राहत नाही. पाठीवर पंधरा किलोची सॅक असेल तर उंच घोट्याचा आधार लागतो म्हणतात, असेल, मी नाही म्हणत नाही. पण एका दिवसाच्या राजगडाला, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन चाललेल्या मुलीला?

आणि लीडरचीही बाजू आहे, बरं. एवढी माणसं घेऊन जायची, कोणी पडलं तर उत्तर त्याला द्यायचंय. सपाट सोलचे कॅनव्हास शूज घालून येणाऱ्याला थांबवलंच पाहिजे, मीही थांबवलं असतं. पण मग सोल बघ ना बाबा! वाक, हात लाव, नख दाब. लांबून कंपनीचं नाव वाचून माणसाला खाली बसवायचं हा कुठला नियम?

रबराचं महत्त्व काय ते जगाला माणसं गमावून कळलंय. १९३५ मध्ये इटलीतल्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार आल्प्समध्ये मरण पावले, पायातले बूट त्या हवेसाठी अपुरे होते. त्या माणसाने नंतर पिरेली या टायरवाल्या कंपनीच्या मदतीने खाचांचा रबरी सोल बनवला, तो व्हिब्रम. आज महागड्या बुटाखाली जो पिवळा शिक्का दिसतो तो याच माणसाच्या नावावरून आलेला. टायर बनवणाऱ्यांच्या रबरातून! आणि आपल्याकडे गावोगावी माणसं टायरच्या चपला शिवून डोंगर चढत आली त्यांच्याकडे आपण कसं बघतो?

ज्यांच्याबरोबर मी सह्याद्री शिकले ती सगळी जुनी मंडळी ॲक्शन कंपनीच्या सात-आठशेच्या ट्रेकिंग बुटांवर अख्खा सह्याद्री हिंडलेली आहेत. फोटो काढा जुने, पाय बघा प्रत्येकाचे. सोल सुटला की कोपऱ्यावरच्या काकांकडून जाड मेणाच्या दोऱ्याने कडेने हातशिलाई मारून घ्यायची, शंभर-दीडशे रुपयांत बूट आणखी एक वर्ष चालायचा. मी तर आता कुठलाही नवा बूट घेतला की आधी शिलाई मारून घेते, नुसत्या चिकटवलेल्या सोलवर माझा विश्वास २०१७ ला संपला. आता ते काका कमी झाले, आणि दुकानातली पोरं म्हणतात, "मॅडम, रिपेअर नाही होत, नवीन घ्या."

दुकानाचंच निघालं तर सांगते. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला घालता तेच मोजे घालून जा, सुती नको, सुती मोजा ओला झाला की फोड आलाच. लेस सोडून पाय पूर्ण पुढे सरकवा, मागे टाचेशी एक बोट आत जायला पाहिजे. लेस बांधून दुकानातला जिना दहा वेळा उतरा, चढा नाही म्हणत, उतरा, कारण नखं उतरतानाच जातात. लाज वाटून घेऊ नका, पैसे तुमचेयत. बूट हातात घेऊन वाकवा, चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पंजा पसरट, आणि बाहेरच्या कंपन्यांचे कितीतरी बूट पुढे निमुळते, मग लोक एक नंबर मोठा घेतात आणि टाच मागे उचलली जाते. रुंद मिळत असेल तर रुंद मागा. घरी आणल्यावर पंधरा दिवस सोसायटीत घालून फिरा. भिजल्यावर वर्तमानपत्र कोंबून सावलीत, कडक उन्हात नाही, हीटरसमोर तर नाहीच, चिकटवलेलं सगळं सुटतं.

त्या दिवशी धारेवर मी दोन उघडे बूट घेऊन बसले होते तेव्हा खालच्या धनगरवाड्यातले एक मामा म्हशी घेऊन आले. पायात प्लास्टिकचे सँडल, टाचेला पट्टा. काही विचारलं नाही, नुसतं "थांबा ताई" म्हणाले आणि घरून सुतळी घेऊन आले. सुतळी आधी तांब्यात भिजवली, ओली गाठ सरकत नाही म्हणाले. एक वेढा चवड्यावर, एक टाचेच्या पुढे, दोन्ही आडवे जोडून घेतले आणि गाठ वर बांधली, खाली गाठ आली तर दगडावर घासून तुटेल. दोन्ही बूट. चहा पाजला. पैसे द्यायला गेले तर रागावले. त्या सुतळीवर मी राजगडाचा अळू दरवाजा चढले, राजगड उतरले, स्वारगेटला घरी जायच्या बसमध्ये बसले तेव्हाही ती तशीच होती. त्या मामांच्या पायाकडे बघून आजच्या लीडरने त्यांना काय सांगितलं असतं? खाली थांबा?

चार वाजता उतरलो तेव्हा ती मुलगी हॉटेलच्या ओट्यावर बसून होती. सकाळपासून. हॉटेलवाल्या मावशींना भाकऱ्या थापायला मदत केली म्हणाली. मला बघून हसली आणि विचारलं, "ताई, वरचं पद्मावती तळं भरलंय का?" माझ्याच्याने पटकन बोलवेना. भरलंय म्हटलं, फोटो नाही दाखवले.

येत्या रविवारी मी परत जातेय, तिला घेऊन, याच वाटेने, तिच्या याच बुटांवर. बुधवारी शिलाई मारून घेऊ म्हटलंय, सिंहगड रोडच्या बाजूला कोणी हाताने सोल शिवणारे काका माहिती असतील तर कमेंटमध्ये पत्ता द्या, माझ्या इथले गावी गेलेत. पहाटे साडेपाच, स्वारगेट, गाडीत दोन जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड जास्तीचा आणा, ओढे भरलेत.