आधी लाटसाहेबाचा बंगला बघा, विद्यार्थी नंतर

आपल्या भागाला स्वतःचं विद्यापीठ हवं असं तुमच्या मनात आलंय? मग लगेच जागा बघायला धावू नका. आधी दुसऱ्याच्या विद्यापीठाच्या परीक्षा द्या, त्याही पिढ्यान्‌पिढ्या. फर्ग्युसन निघालं 1885 मध्ये, पण पदवीवर शिक्का मुंबईचाच. पुणेकराला यापेक्षा मोठी प्रेरणा देता येत नाही.

मग समिती. पुणे विद्यापीठासाठी सरकारने 1942 मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली, कायदा झाला 1948 मध्ये. तेवढा धीर धरा. अध्यक्ष मात्र जपून निवडा. जयकर बॅरिस्टर, फेडरल कोर्टाचे माजी न्यायाधीश. त्यांनी विद्यापीठ काढा म्हणून सांगितलं आणि पहिले कुलगुरू म्हणून ते चालवायलाही त्यांनाच बसवलं. हा पायंडा पुढे पडला नाही, नाहीतर महाराष्ट्रात कुणी समितीवर जायलाच तयार झालं नसतं.

जागेसाठी ओसाड माळ मागू नका, तो मिळतो. इंग्रज जाताना काय ठेवून गेलेत ते बघा. मुंबईच्या गव्हर्नराला पावसाळ्यात पुण्याची हवा मानवायची, म्हणून गणेशखिंडीत उंच मनोऱ्याचं गव्हर्नमेंट हाउस उभं राहिलं होतं. तेव्हा मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, शिक्षणखातंही त्यांच्याचकडे. म्हणजे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची ती एकाच माणसाच्या हाताने. 411 एकर मिळाले. 1897 च्या 22 जूनला याच बंगल्यातली मेजवानी आटोपून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी रस्त्यात गोळी झाडली होती. तेव्हा इतिहास विभागाचा सहलीचा खर्चही वाचला. ताबा मिळेपर्यंत भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसात बिऱ्हाड करा. 10 फेब्रुवारी 1949 ला जन्मलेलं विद्यापीठ आधी तिथेच पाहुणं होतं.

विद्यार्थी कुठून आणायचे? आणायचे नसतातच. पहिल्याच वर्षी 18 महाविद्यालयं आणि 8,000 वर विद्यार्थी आयते होते. शिकवणारे शिकवत होतेच, तुम्ही फक्त परीक्षा घ्यायची.

फक्त! माणशी सहा पेपर धरले तरी 48,000 उत्तरपत्रिका. एक परीक्षक दिवसाला 30 तपासतो म्हटलं तर 1,600 दिवसांचं काम, आणि निकाल हवा जूनमध्ये. म्हणून परीक्षक वाढवा. ते वाढले की एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता; मग त्यांनी दिलेले गुण पुन्हा पारखायला त्यांच्यावर मॉडरेटर बसवा. पुरवणीचा दोरा परीक्षार्थीला स्वतः बांधायला लावा आणि गाठ कशी मारायची हे मुळीच सांगू नका. गठ्ठा उचलताना दोरा सुटला की पुरवणी अनाथ होते. तिच्यावर आसनक्रमांक नसेल तर उत्तम: तीन महिन्यांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज येतो, शुल्कासह.

संलग्नतेतही हात राखू नका. नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव आला की स्थानिक चौकशी समिती पाठवा, आणि कधी येणार ते आठ दिवस आधी कळवा. तेवढ्यात शेजारच्या महाविद्यालयातले सूक्ष्मदर्शक टेम्पोतून येतात, कपाटं पुस्तकांनी भरतात. समितीने पुस्तकाचं पहिलं पान उघडू नये. तिथे भलत्याच ग्रंथालयाचा शिक्का असतो. प्राचार्यांचं पद ‘भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा मारावा. तो पुढच्या वर्षीही चालतो, तारीख तेवढी बदलायची.

विस्ताराबद्दल मात्र गैरसमज नको. पुणे विद्यापीठाने सुरुवात केली 12 जिल्ह्यांवर. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, आपल्याकडे उरले पाच. 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. राहिले पुणे, नगर, नाशिक. तरी परीक्षा विभागात काम कमी झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा जिल्हे गेले म्हणून रडू नका, उरलेल्यांत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालयं उघडू द्या.

नावाचीही घाई नको. सावित्रीबाईंनी भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली 1848 मध्ये. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला 2014 उजाडलं. तुमच्याकडेही कधीतरी असं होईल. तेव्हा जुन्या नावाचे लेटरहेड रद्दीत घालू नका. मागची बाजू कोरी असते, पर्यवेक्षकांच्या ड्यूट्या त्यावर छान मावतात.