सही नसलेला साहेब

रात्रीची जेवणं उरकली की पुण्यात शास्त्री रोडच्या अभ्यासिकांमधली पोरं टपरीवर उतरतात आणि कट्टा भरतो. परवा विषय निघाला मुख्यमंत्री फेलोशिपचा, म्हणजे तरुण पोरांना वर्षभर सरकारी कार्यालयात कामाला घेणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचा. काढला एमपीएससीवाल्याने.

"साठ जागा. महिन्याला 56,100 मानधन, वर 5,400 प्रवासखर्च. गट-अ अधिकाऱ्याचा दर्जा. शिवाय आयआयटी मुंबईचं प्रमाणपत्र. वाईट काय आहे यात?"

"दर्जा आहे, सही नाही," वकील म्हणाला. "56,100 म्हणजे उपजिल्हाधिकाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन. पण त्याला महागाई भत्ता, घरभाडं वेगळं, आणि त्याच्या सहीने आदेश निघतो. फेलोच्या सहीने काय निघतं? बारा महिने झाले की फेलोच निघतो. आणि योजनेचा तरी काय भरवसा? 2015 ला सुरू झाली, सरकार बदललं तशी गुंडाळली, 2023 ला परत आली."

मास्तरांना हे पटलं नाही. "सही नाही हेच बरं. सही आली की माणूस टेबलाला चिकटतो. फेलो शिक्षण विभागातून उठून पाणीपुरवठ्यात जाऊन बसू शकतो. कक्ष अधिकारी जाईल का?"

इतका वेळ भाऊसाहेब गप्प होते. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. वाद निधीवर आला की बाकीच्यांनी ऐकायचं, असा कट्ट्याचा अलिखित नियम आहे.

"शाळेचं शौचालय घ्या," ते म्हणाले. "कागदावर आहे. भिंत, दार, भांडं सगळं आहे. पण कुलूप. का? पाणी नाही. टाकी आहे, मोटर बंद. मोटर का बंद? वीजबिल थकलं, जोडणी तोडली. आता इमारत शिक्षण विभागाची, नळ ग्रामपंचायतीचा, वीज महावितरणची. एका कुलपाला तीन मालक. शाळेच्या माहितीत मात्र 'शौचालय आहे' एवढंच लागतं."

"हेच तर फेलोने शोधायचं!" मास्तर.

"शोधू दे की. पण हिशोब करा. तालुक्यात समजा 120 शाळा. दिवसाला तीन धरल्या तर 40 कामाचे दिवस, म्हणजे शनिवार-रविवार सोडून जवळपास दोन महिने. प्रवासाला 5,400, महिन्याचे 22 दिवस धरले तर रोजचे 245 रुपये. एसटी मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून वाडीपर्यंत पायी नाहीतर कोणाच्या तरी गाडीवर मागे. रोज तीन होत नाहीत."

"मग निम्म्या शाळा घ्यायच्या," एमपीएससीवाला.

"घे. पण पैसा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. शौचालयाची दुरुस्ती त्यात बसते. पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवं, आराखडा ग्रामसभेने मंजूर केलेला हवा, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलेला हवा. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला लागते, 31 जानेवारीपर्यंत चालते. समजा फेलो ऑगस्टमध्ये रुजू झाला. प्रशिक्षण, जिल्ह्याची ओळख यात सप्टेंबर गेला. शाळा फिरून होतात तोवर डिसेंबर. जानेवारीत काम आराखड्यात घुसवलं तरी ते पुढच्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे एप्रिलनंतर. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. मध्ये आचारसंहिता लागली की नवीन काम सुरूच होत नाही. आणि जुलैत साहेब घरी."

"म्हणजे वर्ष फुकट," वकील खूश झाला.

"फुकट नाही रे. उलटं करायचं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मागच्या वर्षीचा आराखडा काढून बघायचा. शौचालय दुरुस्तीचं काम आधीच घातलेलं असतं, खर्चच झालेला नसतो, असं पुष्कळदा सापडतं. ते काम का अडलं एवढंच शोधायचं. बहुतेक वेळा एक कागद कमी असतो. तो फिरवायला सही लागत नाही, पाय लागतात. माझा फेलोशिपला विरोध नाही, पहिल्या महिन्यात नवी योजना सुचवणाऱ्या फेलोला आहे."

यावर मास्तरही थोडे नरमले. तरी त्यांनी एक मुद्दा सोडला नाही: माहिती गोळा करून ती मांडणं हेही कामच. वकिलाचं उत्तर तयार होतं. "मांडतात कुठे? स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ईमेलने उघडलेल्या तक्त्यात. पोरगा गेला की पासवर्ड गेला. पुढचा येतो, पुन्हा 120 शाळा फिरतो. मुख्याध्यापक तेच उत्तर तिसऱ्यांदा देतात आणि मग मनाला येईल ते देतात."

"तक्ता कार्यालयाच्या ईमेलवरच उघडायचा," भाऊसाहेब म्हणाले, "आणि शेवटच्या महिन्यात टिपणी लिहून ती संचिकेला, म्हणजे कार्यालयाच्या फायलीला लावायची. कुठलं काम, कोणत्या टेबलावर, कशासाठी थांबलंय, जावक क्रमांक काय. दोन पानं बास. रंगीत सादरीकरण कोणी उघडत नाही, संचिका उघडावीच लागते."

(मला विचाराल तर निवडीच्या तीन निबंधांपैकी एकाच्या जागी ही टिपणीच लिहून घ्यावी. पहिल्या चाळणीची परीक्षा 100 गुणांची, त्यातून 210 जण निबंध आणि मुलाखतीला. त्या 210 मधल्या कितींना टिपणीत आधी विषय, मग संदर्भ, मग प्रस्ताव लागतो हे माहीत असेल?)

एमपीएससीवाल्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. "पदवीला 60 टक्के आहेत माझे. एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव मागतात, तो कुठून आणू?"

"अभ्यासिकेतलं वर्ष धरत नाहीत," वकील म्हणाला.

"आणि वय?" मास्तरांनी विचारलं. "21 ते 26 आहे ना?"

एमपीएससीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला लागला.