‘शेंबडं पोरही सांगेल’ म्हणणाऱ्या वाचकास

अमेरिकेत क्लीव्हलंड शहराजवळ नॉर्थ रँडल गावात जो रँडल पार्क मॉल होता, तो का बंद पडला यावरच्या माझ्या लेखाला आलेली एक प्रतिक्रिया मी तीन दिवस तशीच ठेवली होती. आमचे हे म्हणाले, सोडून दे. सोडूनच देणार होते. पण काल रात्री भांडी घासताना त्या गृहस्थांशी मनातल्या मनात तिसऱ्यांदा भांडले, तेव्हा म्हटलं, त्यापेक्षा लिहूनच टाकावं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे जशीच्या तशी देते:

“काकू, लेख छान, पण तथ्यांचा दुष्काळ. मॉल १९७८ला नाही, १९७६ला उघडला. ऑनलाइन खरेदीनं मॉल मारला हे शेंबडं पोरही सांगेल, आज त्या जागी ॲमेझॉनचंच गोदाम आहे, यातच सगळं आलं. अमेरिकेतल्या सिमेंटच्या डब्यासाठी अश्रू ढाळण्याआधी आपल्या गावच्या पेठेसाठी ढाळा. आणि एक साधा प्रश्न, तुम्ही स्वतः तिथं जाणं कधी बंद केलंत?”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते कबूल करते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. रँडल पार्क मॉल १९७६च्या ऑगस्टमध्ये उघडला. १९७८ हे जवळच्याच बीचवुड प्लेस या दुसऱ्या मॉलचं साल. माझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभारी आहे.

आता ‘काकू’. मी वयानं काकूच आहे, नातवंडं आहेत मला, त्याचं काही नाही. पण काकू म्हणून स्वल्पविराम द्यायचा आणि मग अक्कल शिकवायची, ही पद्धत मी चांगली ओळखते. फोन दुरुस्त करणारा मुलगाही असंच करतो. हाच लेख सत्तरीच्या एखाद्या निवृत्त इंजिनिअरनं लिहिला असता तर तुम्ही ‘सर’ म्हणाला असतात आणि ‘तथ्यांचा दुष्काळ’ऐवजी ‘एक छोटीशी दुरुस्ती’ असं लिहिलं असतंत. एका सालाची चूक म्हणजे दुष्काळ? आमच्या जत तालुक्यातल्या कुणाला विचारा दुष्काळ म्हणजे काय ते.

असो. शेंबड्या पोराकडे वळते.

साहेब, मी त्या मॉलमध्ये नोकरी केली आहे. १९८५ ते १९९१, वरच्या मजल्यावर एका चपला-बुटांच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या पावलाखाली ती धातूची मापपट्टी सरकवायची, माप बघायचं, मागच्या खोलीत शिडीवर चढून खोका काढायचा. सहा वर्षं. लोकांच्या पायांकडे बघून त्यांच्या घरची परिस्थिती मी सांगू शकायचे. हे कुठल्या शेंबड्या पोरानं केलंय ते मला दाखवा.

त्या दुकानात मी रुजू झाले तेव्हा मॉल नऊ वर्षांचा होता. उघडला तेव्हा ‘जगातला सर्वांत मोठा’ अशी त्याची जाहिरात झाली होती. वीस लाख चौरस फुटांहून मोठा. सिअर्स, जेसी पेनी, हिग्बीज, मे कंपनी आणि जोसेफ हॉर्न अशी पाच मोठी दुकानं, मधल्या बोळांतून दोनेकशे लहान दुकानं. आणि गाव केवढं? नॉर्थ रँडल म्हणजे दीडेक हजार वस्तीचं खेडं. मॉलच्या जागी पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. गावातलं प्रत्येक माणूस, तान्ह्या बाळांसकट, त्या दुकानांत विक्रेता म्हणून उभं केलं असतं तरी माणसं कमीच पडली असती. मग गिऱ्हाइकं कुठून येणार होती? हायवेवरून, क्लीव्हलंडहून. सगळा डाव क्लीव्हलंडच्या जिवावर होता.

आणि क्लीव्हलंडचं काय चाललं होतं? १९५० साली त्या शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. १९७०ला साडेसात लाख झाली, १९८०ला पावणेसहा लाखांच्याही खाली आली आणि १९९०ला पाच लाखांवर पोचली. ही जनगणना आहे, माझे अश्रू नव्हेत. मोठाले कारखाने एकामागून एक बंद पडत होते. हा मॉल बांधणारे डीबार्टोलो ज्या यंग्सटाउनचे, तिथला पोलादाचा मोठा कारखाना बंद होतोय अशी घोषणा सप्टेंबर १९७७मध्ये झाली, म्हणजे मॉल उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. शहर आटत होतं आणि त्याच्याभोवती मॉल उगवत होते. सेव्हरन्स १९६३, रिचमंड १९६६, अॅक्रनकडे रोलिंग एकर्स १९७५, रँडल १९७६, युक्लिड स्क्वेअर १९७७, बीचवुड १९७८. शहराच्या बाहेर एवढी दुकानं होऊन परत १९९०ला ऐन शहरात टॉवर सिटी. विहिरी वाढत होत्या आणि पाणी तेवढंच होतं, खरं तर कमी होत होतं.

एवढे मॉल बांधले का, हे तुम्ही विचारलं असतंत तर मला आनंद झाला असता. लेखात मी दोन ओळींत गुंडाळलं होतं, ते इथे नीट सांगते. १९५४ साली अमेरिकेत करकायदा बदलला. नव्या इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच भरमसाट दाखवायची मुभा मिळाली. माझे वडील सांगलीला गणपती पेठेत भुसाराचं दुकान चालवायचे, त्यामुळे घसारा हा शब्द मी परकर-पोलक्यात असतानाच ऐकलाय. इमारत कागदावर भराभर झिजते, तोटा दिसतो, तो तोटा दुसऱ्या मिळकतीतून वजा करायचा आणि कर वाचवायचा. मुभा इमारतीला, तीही नव्या बांधकामाला जास्त फायद्याची. मग जुन्या पेठेतलं दुकान कोण दुरुस्त करणार? मक्याच्या शेतात नवीन बांधलेलं बरं. गिऱ्हाइकं आहेत का, हा प्रश्न पैसे घालणाऱ्याच्या यादीत खाली गेला.

ज्या माणसानं बंदिस्त मॉलची कल्पना काढली, तो व्हिक्टर ग्रुएन, मूळचा व्हिएन्नाचा. त्याचं साउथडेल मिनेसोटात १९५६ला उघडलं. त्याला म्हणे मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असं सगळं हवं होतं, म्हणजे एक पेठच की. झालं काय, तर मधे डबा आणि चहूबाजूंनी गाड्या लावायचं डांबरी मैदान. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परत गेला आणि मॉलचं पितृत्व त्यानं जाहीरपणे झिडकारलं. ‘सिमेंटचा डबा’ हा शोध तुमचा नाही, एवढंच सांगायचं होतं.

आता भाड्याचं ऐका, कारण हे फक्त आत काम केलेल्यालाच कळतं. त्या पाच मोठ्या दुकानांना मॉलवाले जवळजवळ हाताला धरून आणतात. जागा नाममात्र भावात देतात, कित्येकदा इमारत त्यांचीच असते. का, तर त्यांच्या नावावर माणसं येतात. लहान दुकानं मात्र चौरस फुटावर भाडं भरतात, वर ठरावीक विक्रीपुढे टक्का देतात, शिवाय बोळातले दिवे, हीटर, बाहेरचा बर्फ उपसणं, यांतला वाटा वेगळाच. आमचा मॅनेजर दर महिन्याला ते पत्र घेऊन मागच्या खोलीत खोक्यावर बसायचा आणि आम्ही गप्प राहायचो. अशात एक मोठं दुकान गेलं की त्या टोकाकडे माणसं वळत नाहीत. मग त्या बोळातलं घड्याळवाल्याचं शटर खाली येतं, मग मेणबत्त्यावाल्याचं. १९९०च्या नाताळात आमच्या रांगेत दोन शटर बंद होती. नाताळात! दिवाळीत लक्ष्मी रोडवर सलग दोन दुकानं बंद आहेत अशी कल्पना करा.

१९९०, बरं का. ॲमेझॉन नावाची कंपनी १९९४ साली निघाली आणि १९९५पासून पुस्तकं विकायला लागली. बूट नव्हे, पुस्तकं. अमेरिकेचं जनगणना खातं ऑनलाइन विक्रीचे आकडे १९९९च्या शेवटापासून देतं, तेव्हा किरकोळ विक्रीच्या शंभर डॉलरांमागे ऑनलाइनचा एक डॉलरसुद्धा नव्हता. पेनी आणि डिलार्ड्स (जुनं हिग्बीज) रँडलमधून गेली ती त्याच्या दोन-तीन वर्षांतच. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनच्या नावाचं चित्रपटगृह आणून बघितलं, तेही पुरं पडलं नाही. मॉलच्या आतला भाग २००९ला बंद झाला, त्या वर्षी ऑनलाइनचा वाटा शंभरात चारेक डॉलर होता. चार डॉलरांनी वीस लाख चौरस फूट मारले म्हणता?

राहता राहिलं तुमचं हुकमी पान, गोदाम. मॉल पाडायला २०१४च्या डिसेंबरात सुरुवात झाली आणि ॲमेझॉनचं गोदाम उघडलं २०१८ला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. इथे तर फांदी मोडल्यावर नऊ वर्षांनी कावळा बसला. सातबारा आज ज्याच्या नावावर दिसतो त्यानंच खून केला, असा न्याय लावायचा तर निम्म्या महाराष्ट्राला आत टाकावं लागेल. हायवेलगतची सपाट जमीन, आयता डांबरी तळ, कामाच्या शोधातली माणसं, या गोष्टी गोदामाला हव्याच असतात. मॉलला हव्या होत्या त्याच. आता तिथे पुन्हा हजारांनी लोक काम करतात. तेही दिवसभर खोके काढतात, फक्त गिऱ्हाइकाचा पाय त्यांना कधी दिसत नाही.

ऑनलाइननं काहीच केलं नाही असं मी म्हटलेलं नाही. पुढे २०१८ला सिअर्सनं दिवाळं काढलं, २०२०ला पेनीनं, त्यात त्याचा हात असेल. पण रँडल तोवर जमीनदोस्त होऊन गेला होता. प्रेत कुणाचं आणि तपास कशाचा.

पेठेसाठी अश्रू ढाळा म्हणालात, त्यावर काय बोलू? वडिलांचं दुकान आम्ही विकलं तेव्हा तुम्ही कुठे होता? आणि एकासाठी रडलं की दुसऱ्याचं रडू कमी पडतं, असं रेशन आहे का? माझी आई १९८७च्या हिवाळ्यात इथे आली होती. बाहेर सरोवरावरून येणारा बर्फ, घरात कोंडलेली. मी तिला सकाळी कामावर जाताना बरोबर न्यायचे. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं मॉलमधे चालायला यायची, त्यांच्याबरोबर ती नऊवारीवर माझे जुने बूट घालून चार फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी म्हणाली, “ही तर रोजची जत्राच की गं, फक्त देव कुठं दिसंना.” तिथे तिला एक पोलिश म्हातारी मैत्रीण मिळाली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण रोज बाकावर बसून गुडघे दाखवायच्या. तुमच्या सिमेंटच्या डब्यात.

शेवटचा प्रश्न खासगी आहे आणि त्याचा लेखाशी संबंध नाही, म्हणून उत्तर देणार नव्हते. पण दिलं नाही तर तुम्ही ‘काकू गप्प बसल्या’ असं लिहाल, तेवढं ओळखते मी तुम्हाला. मी नोकरी सोडली ती मुलीच्या शाळेसाठी. घर बदललं, ते बीचवुडच्या बाजूला घेतलं कारण शाळा चांगल्या होत्या. घराजवळ जो मॉल असतो तिथे माणूस जातो, यात काय विशेष आहे? आमच्या ओळखीतले सगळेच तिकडे गेले. जुन्या मॉलबद्दल बायका म्हणायच्या, तिथे आता पूर्वीसारखे लोक येत नाहीत. ‘पूर्वीसारखे’ म्हणजे कसे, हे कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. ज्यांच्या पायांची मापं मी सहा वर्षं घेतली त्यांतली निम्मी माणसं काळी होती, छान बोलायची, पैसे रोख द्यायची. तरी मीही विचारलं नाही. पण मॉल काही माझ्या एकटीच्या न जाण्यानं बंद पडला नाही, तेवढी मोठी खरेदी मी कधीच करत नव्हते.

तुम्हाला साल हवं होतं. १९९३. मुलीच्या वाढदिवसाचे बूट घेतले, ते बीचवुडहून. आमच्या दुकानात तेच बूट मला कर्मचारी सवलतीत मिळायचे.

१९७६ची दुरुस्ती लेखात केली आहे. पुन्हा लिहिलंत तर नावानिशी लिहा.