समुद्राकडे पाठ करून जेवा

दिवाळीची सुटी महिनाभरावर आली की अमळनेरच्या आमच्या गल्लीत आणि नात्यागोत्यात एक प्रश्न न चुकता निघतो : मालवणला किंवा गोव्याला गेल्यावर जेवायचे कुठे? जायचे कसे, हा प्रश्न आता राहिलेला नाही. भुसावळ-जळगावहून मंगला एक्स्प्रेस कल्याणमार्गे कोकण रेल्वेला लागते आणि रत्नागिरी, मडगावला आणून सोडते. राहण्याचे मोबाइलवर ठरते. जेवणाचे मात्र सगळेच रामभरोसे ठेवतात आणि परत आल्यावर 'समुद्र भारी, पण खायचे हाल झाले' असे सांगतात. चार-पाच वेळा सहकुटुंब तिकडे जाऊन, त्यात दोनदा सपशेल फसून आणि पुढे मनसोक्त जेवून मी ज्या मतावर आलो आहे, ते येथे सविस्तर लिहितो. ते मत असे की, ज्या खुर्चीवर बसून समुद्र दिसतो, त्या खुर्चीवर बसून जेवू नये.

पहिल्या खेपेला आम्ही नऊ जण होतो. किनाऱ्यावर वाळूतच टेबले मांडलेली, वर माडाच्या झावळ्यांचे छत, समोर लाटा आणि हातात पंधरा-सोळा पानांचे जाडजूड मेनू कार्ड. त्यात पंजाबी होते, चायनीज होते, पिझ्झाही होता, आणि शेवटच्या दोन पानांवर मासे होते. त्यांच्यापुढे दराच्या जागी 'आकाराप्रमाणे' एवढेच छापलेले होते. आम्ही वजन विचारले नाही, दर विचारला नाही, मासा बघायलाही मागितला नाही. तीन वाजता बसलो ते ताट सव्वाचारला आले. सुरमई वरून रव्याने कडक आणि आतून पाणचट होती. आमचे मेहुणे आप्पा यांनी रश्श्याची वाटी उजेडाकडे तिरकी धरली, नीट निरखून पाहिली आणि जाहीर केले, "यामा तर्रीच नही शे, भो." आई आणि वहिनी शाकाहारी असल्याने त्यांनी पनीर मसाला मागवला होता, जो त्यांना अमळनेरहून धुळ्याला जाताना कोणत्याही ढाब्यावर याहून बरा मिळाला असता. बिलाचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण घरात तो विषय अजूनही निघाला की वाद होतो.

दोष त्या झोपडीवाल्याचा होता तितकाच आमचाही होता. समुद्रासमोरच्या हॉटेलाला गिऱ्हाईक समुद्र आणून देतो. आज आलेला माणूस उद्या गाडीत बसून निघून जाणार, हे मालकालाही माहीत असते आणि आचाऱ्यालाही. त्यातून गोव्याच्या वाळूवरचे हे शॅक हंगामापुरते उभे राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात, म्हणजे जे काही कमवायचे ते त्या सात-आठ महिन्यांतच. बाजारपेठेतल्या खानावळीचे गणित याच्या उलट असते. तिथे आज जेवलेला बँकेतला कारकून, कापड दुकानदार किंवा रिक्षावाला उद्या पुन्हा त्याच बाकावर बसणार असतो, त्यामुळे शिळा बांगडा त्याच्या ताटात वाढण्याची हिंमत कोणी करत नाही. आपण पाहुण्यांनी गुपचूप त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसावे. समुद्र बघायला संध्याकाळ आहेच.

हे आपल्याला वेगळे शिकवावे लागू नये, कारण आपल्याकडेही हेच घडते. बाहेरगावचा पाहुणा हायवेवरच्या हॉटेलात गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत खातो आणि 'खानदेशी भरिताचे एवढे काय कौतुक' असे म्हणतो, तेव्हा आपल्या अंगाचा तिळपापड होतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण त्या वांग्याची खरी चव थंडीच्या दिवसांत शेतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी यांच्यासोबतच कळते, आणि तिथे मेनू कार्ड नसते. मग किनाऱ्यावर गेल्यावर आपणच तो हायवेवरचा पाहुणा का व्हावे?

तर बाजारपेठेत जावे, आणि वेळेवर जावे. खानावळीत साडेबारा-एकला बसावे. अडीचनंतर उरलेसुरले पदरी पडते. मालवणात चैतन्य आणि अतिथी बांबू, पणजीत रिट्झ क्लासिक आणि आनंदाश्रम ही नावे सर्वतोमुखी आहेत, आणि भाजी-पावाच्या न्याहारीसाठी पणजीतले कॅफे भोसले व कॅफे ताटो यांना मी तरी नाव ठेवणार नाही. पण नावांची यादी पाठ करून जाणाऱ्यांना माझा सल्ला पुरणार नाही, कारण नावाजलेल्या ठिकाणी सुटीत दोन-दोन तास रांगेत उभे राहावे लागते आणि त्याच गल्लीत चार दुकाने पुढे, पाटी पुसट झालेल्या जागी, तितकेच चांगले ताट दहा मिनिटांत मिळते. मी दारातूनच दोन गोष्टी पाहतो. आत जेवणाऱ्यांत स्थानिक माणसे किती आहेत, आणि मालक 'काय हवे' असे विचारतो की 'आज हे आहे' असे सांगतो. मालवणकडे 'आज काय गावला?' असे विचारले की समोरच्याचा चेहराच बदलतो. हा प्रश्न आपण कितीही खानदेशी हेल काढून विचारला तरी चालतो.

बसल्यावर पहिली मागवावी ती सोलकढी. कोकमाचे आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि हिरवी मिरची एवढाच तिचा जीव, त्यामुळे तिच्यात लबाडी लपत नाही. ताज्या नारळाचा रस काढून केलेली सोलकढी थोडा वेळ ठेवली की तिच्यात थर दिसू लागतात. तासभर ठेवूनही जी रंगपंचमीच्या पाण्यासारखी एकसारखी गुलाबी राहते, तिच्याविषयी मला शंका येते. सोलकढी पातळ आणि आंबट पाण्यासारखी लागली तर मी एक चहा सांगून उठतो. घरच्यांना हे आवडत नाही, पण या कसोटीने मला आजवर फसवलेले नाही.

आता तर्रीविषयी. आपल्या काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर धरून काळी होईपर्यंत भाजतात, कांदाही तसाच भाजतात आणि तेलाचा हात सैल ठेवतात, म्हणून रश्श्यावर तवंग येतो. तिकडे माशाच्या कढीत ओले खोबरे बहुधा न भाजताच मिरची-धण्यांसोबत बारीक वाटले जाते आणि आंबटपणाला कोकम पडते. त्यात तवंग शोधणे म्हणजे ताकात साय शोधण्यासारखे आहे. ती कढी ताटातल्या भातावर भरपूर ओतून खायची असते, आणि भाकरीसाठी हटून बसणाऱ्या आपल्या लोकांनी निदान एक वेळ तरी भातावर राहून पाहावे. तरीही ज्यांच्या जिभेला पहिल्या दिवशी ते फिके वाटेल, त्यांनी कोंबडी-वडे मागवावेत. मालवणी कोंबडीच्या रश्श्याला कांदा-खोबरे भाजून केलेले वाटप असते आणि आपल्या माणसाला त्यात घरचा वास येतो. (वडे म्हणजे आपले डाळीचे वडे नव्हेत, तांदूळ आणि डाळींच्या पिठाच्या जाडसर, फुगलेल्या पुऱ्या असतात. आमच्या पुतण्याने चटणी मागून हसे करून घेतले होते.)

तिरफळाची सूचना मात्र सर्वांना देऊन ठेवतो. बांगड्याच्या तिखल्यात करड्या-काळ्या, मिरीपेक्षा थोड्या मोठ्या, फुटलेल्या बोंडांसारखे दाणे दिसतात. ते वासापुरते असतात, ते बाजूला काढून ठेवायचे असतात. आप्पांनी ते मसाल्यातले काहीतरी खास समजून दोन दाणे सावकाश चावले आणि नंतर पाच मिनिटे एक शब्द बोलले नाहीत. जीभ बधिर होऊन तिच्यावर मुंग्या चालल्यासारखे होत होते. वाढणारी काकी पदर तोंडाला लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी तेच आप्पा 'तिरफळवाले' म्हणून पुन्हा मागत होते, ही गोष्ट वेगळी.

मासा कोणता मागवावा, यावर आपल्याकडे सुरमई आणि पापलेट यांच्यापलीकडे कोणी जात नाही, आणि नेमके तिथेच पैसे जास्त जातात. पाहुणा हेच मागणार हे ठरलेले असल्याने हे दोन मासे मेनू कार्डावर बारमाही हजर असतात, आणि समुद्र काही बारमाही एकसारखा देत नाही. मग ती उणीव बर्फ भरून काढतो. त्यापेक्षा बांगडा, सौंदाळे, मुडदुशे, पेडवे किंवा तिसऱ्या (शिंपल्या) यांपैकी त्या दिवशी जे आले असेल ते खावे. मासळी बाजारात एकदा तरी सकाळी चक्कर मारावी. कल्ले उघडून लालभडक आहेत का, डोळा टपोरा आणि स्वच्छ आहे का, बोटाने दाबले की मांस लगेच वर येते का, हे तिथल्या मावशी न विचारताही दाखवतात. तापी-गिरणेचा मासा ओळखणाऱ्या आपल्या लोकांना यात फार अवघड असे काही नाही.

काळवेळही पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा हंगाम आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत धबधबे बघायला म्हणून जाणाऱ्यांनी ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. खाडीचे मासे, सुका बांगडा आणि सुक्या सुंगटांचे (कोळंबीचे) किसमूर यांवर समाधान मानावे, आणि ते समाधान काही कमी प्रतीचे नसते. नारळी पौर्णिमेनंतर नावा पुन्हा जोमाने सुटतात. त्यामुळे माझ्या मते खाण्यासाठी दिवाळीची सुटी मे महिन्यापेक्षा सरस. मे महिन्यात मासे असतात, पण गर्दीही असते. तेव्हा आंबा-फणसावर ताव मारावा.

खानावळीहूनही वरचा मान मी घरगुती जेवणाला देतो. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात, जिथे एका हाताला कर्ली नदीची खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र आहे, तिथे कितीतरी घरांनी दोन-तीन खोल्या निवास-न्याहारीसाठी काढलेल्या आहेत. एका सकाळी आमच्या समोरच किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. पंचवीस-तीस माणसे दोन बाजूंनी दोर धरून एका लयीत मागे सरकत होती आणि जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात चांदीसारखी तडफड चालली होती. आमच्या घरमालकीण काकींनी तिथूनच टोपलीभर पेडवे घेतले, विहिरीवर धुतले, हळद-मीठ-तिखट आणि कोकम लावून केळीच्या पानात गुंडाळले आणि तव्यावर ठेवले. पान जळत गेले तसा जो वास सुटला, तो मला केळीच्या प्रदेशात जन्म काढूनही नवा होता. आपल्या जिल्ह्यात केळीची इतकी पाने बांधावर वाळून जातात आणि आपण त्यात कधी काही भाजले नाही, याची थोडी लाजही वाटली. दराविषयी एवढेच की, घरगुती ठिकाणीही मासा ताटात येण्याआधी ताटाचा भाव मोकळेपणाने विचारावा; ते रागावत नाहीत, आणि आपणही मग संकोच न करता दुसऱ्यांदा कढी मागू शकतो.

शेवटी शाकाहारी मंडळी, जी आपल्याकडे जवळपास प्रत्येक कुटुंबात दोन-तीन तरी असतात आणि किनाऱ्यावर ज्यांची सर्वांत जास्त आबाळ होते. हॉटेले त्यांच्यापुढे पनीर टाकून मोकळी होतात, आणि ती मंडळीही 'इकडे सगळे माशांचेच' असे म्हणत बिस्किटांवर दिवस काढतात. वास्तविक श्रावण आणि गणपतीच्या दिवसांत तिकडची घरेच्या घरे शाकाहारी जेवतात, तेव्हा त्या स्वयंपाकघरांना भाजी करता येत नाही असे कसे म्हणावे? काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी, फणसाची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाला ओल्या काजूची उसळ, गोव्याकडे खतखते आणि मुगागाठी, नारळाच्या रसातले शिरवाळे, हे सगळे आहे. फक्त ते मेनू कार्डावर नाही. आमच्या आईने काळ्या वाटाण्याचे सांबारे पहिल्यांदा खाल्ले तेव्हा तिने 'हा तर आपला भाजलेला मसाला' म्हणून काकींना कांदा किती भाजला हे खोदून विचारले, आणि मग त्या दोघी पाट्याशेजारी बसून तासभर वाटपावरच बोलत राहिल्या. येताना आईने मालवणी खाजा घेतला आणि सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गोडशेवेशी त्याची तुलना करत सबंध गाडीभर वाटला.

मात्र हे जेवण ऐनवेळी मागून मिळत नाही. मागच्या खेपेला आम्ही दुपारी बारा वाजता देवबागला पोहोचून सांबारे मागितले, तेव्हा काकींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "काळे वाटाणे आदल्या राती भिजत घालूचे लागतत." म्हणून घरात शाकाहारी माणसे किती, हे गाडीत बसण्यापूर्वीच त्यांना फोन करून सांगावे.