परत आणा

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी मी ऑफिसात अडकलेला असतो, म्हणून आमच्या घरात भांडण आठवड्यातून एकदाच होतं.

रविवारी सकाळी मी कोथिंबीर आणायला म्हणून निघतो. मंडई एका बाजूला, जुना बाजार दुसऱ्या. तरी पाय बरोबर दुसरीकडे वळतात. परत येतो तेव्हा कोथिंबीर असतेच, नाही असं नाही. पण ती पिशवीत वर असते आणि पिशवीचा बंद खांद्यात रुतलेला असतो. एक जुडी कोथिंबिरीने बंद रुतत नाही, हे बायकोच्या दुसऱ्याच रविवारी लक्षात आलं.

ते ड्रिल मला एका फाटक्या ताडपत्रीवर दिसलं. एका बाजूला डाव्या पायाचे तीन बूट, दुसऱ्या बाजूला बिनरिमोटचा टीव्ही, मध्ये हे पालथं पडलेलं. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, मागे फावड्याच्या दांड्याला असते तशी मूठ, आणि वायर दोन इंचांवर कापलेली. चार सुताचं होतं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण हार्डवेअरच्या बोहरी आळीत अजून कोणी तो वाचलेला दिसत नाही.) अंगठ्याने पाटी घासली तर खाली ‘रॅलीवुल्फ’ उमटलं. मुलुंडच्या कारखान्यातला माल. माझा चेहरा बदलला असणार, कारण विक्रेत्याने तेवढ्यात भाव बदलला.

“सहाशे.”

“चालू आहे का?”

“एकदम चालू.”

“लावून बघू या?”

“इथं लाइट कुठंय?”

जुन्या बाजारातली प्रत्येक वस्तू चालू असते आणि लाइट कुठेच नसते. या पायावर तो बाजार कित्येक पिढ्या उभा आहे. मी साडेतीनशे दिले, तीन मिनिटं विजयी वाटलो आणि कोथिंबीर विसरलो.

घरी आल्यावर बायकोने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाल्कनीकडे. बाल्कनीत तेव्हा दोन ग्राइंडर, एक विजेचा रंधा, एक जिगसॉ आणि एक कशाचं आहे ते अजून न कळलेलं यंत्र, एवढी मंडळी मुक्कामाला होती. तुळस त्यांच्यामुळे जिन्यात गेली आहे.

“हे काय करतं?” तिने विचारलं.

“भोक पाडतं.”

“ते दिसतंच आहे. साडेतीनशेचं पाडलं.”

उघडायला बसलो. चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याचं डोकं आधीच कुणीतरी छिन्नीने चेचून ठेवलेलं. जुनी यंत्रं उघडताना मला नेहमी जाणवतं की आपला शत्रू गंज नाही, आपल्या आधीचा मिस्त्री आहे. गंज निदान सरळ स्वभावाचा असतो. त्याला रात्रभर रॉकेल पाजा, सकाळी थोडं ठोका, ऐकतो. आधीचा मिस्त्री मात्र अर्थिंगची वायर ‘उगीच अडचण’ म्हणून कापून टाकतो, तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनमधली घालतो आणि वर काळी टेप गुंडाळून निघून जातो. या ड्रिलमध्ये त्याने हे तिन्ही केलं होतं.

चौथा स्क्रू काढताना तुटला आणि तिथून माझं शिक्षण सुरू झालं. बोहरी आळीत दुकानदाराने तुकडा चष्म्याजवळ धरला आणि म्हणाला, “हा बी.ए. आहे.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण नाही. मेट्रिकच्या आधी विलायती यंत्रांत बारीक स्क्रूंचं ‘ब्रिटिश असोसिएशन’ नावाचं एक माप असे, त्याचं हे लघुरूप. आमचा स्क्रू टू बी.ए., म्हणजे जाडी ४.७ मिलिमीटर. आजचा चार मिलिमीटरचा स्क्रू त्यात खुळखुळतो आणि पाचचा शिरत नाही. गंमत म्हणजे पाचच्या स्क्रूचे आटे जवळजवळ तितक्याच अंतरावर असतात, त्यामुळे पहिला अर्धा वेढा तो जाईल असं भासवतो. त्याच आशेवर माणूस जोर लावतो आणि भोकाचे आटे घालवून बसतो. मी बसलो. आमच्या घरात बायको बी.ए., मेहुणी बी.ए., मी स्वतः बी.कॉम. असूनही एक बी.ए. स्क्रू मिळवायला मला तीन शनिवार लागले. मिळाला तो एका जुन्या रेडिओच्या पोटातून. तो रेडिओ त्यासाठी वेगळा विकत घ्यावा लागला, हे घरी सांगितलेलं नाही.

अंग घासताना मुठीखाली अक्षरं दिसली. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तशी, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली: ‘परत आणा’.

बस. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. कुणाचं तरी हे मागून नेलेलं होतं आणि परत गेलेलं नव्हतं. माझ्या मनाला लागलंच, कारण शेजाऱ्यांचा एक मोठा पाना तीन वर्षं माझ्या डब्यात आहे आणि लिफ्टमध्ये ते भेटले की मी मोबाइलमध्ये बघतो.

“कुठे परत आणायचं ते लिहिलंय का?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“मग जुन्या बाजारातच परत नेऊन ठेवा. तेवढं तरी पुण्य लागेल.”

पुढचं काम म्हणजे ड्रिल जळलं आहे की नाही ते बघायचं. त्यासाठी सिरीज बोर्ड लागतो, म्हणजे यंत्राच्या वाटेत एक शंभर वॅटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं, घराचा फ्यूजही वाचतो. इतकी सोपी, स्वस्त आणि शहाणी युक्ती. फक्त त्याला तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. तपकीर गल्लीत शंभर वॅटचा साधा बल्ब मागितला तर दुकानातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने विचारलं, “अंडी उबवायची आहेत का काका?” शेवटी आईने माळ्यावरच्या देवाच्या सामानातून एक काढून दिला. तिने तो कधी आणि का जपून ठेवला होता, ते विचारलं नाही. हा स्वभाव माझ्यात कुठून आला, हे मात्र त्या दिवशी बायकोला कळलं आणि तिने दोघांकडेही बघून मान हलवली.

ड्रिल लावलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे जळलेलं.

शुक्रवार पेठेतल्या वाइंडिंगवाल्याने आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला आतला फिरता भाग, नाकाशी नेलं, हुंगलं आणि म्हणाला, “गेलंय.” मी तपासायचा आग्रह केला म्हणून त्याने ते ग्रोलरवर ठेवलं. ग्रोलर म्हणजे विजेवरचा चुंबक, त्याच्या खोबणीत आर्मेचर ठेवून वर करवतीचं पातं धरायचं. ज्या खाचेत तारा आतल्या आत चिकटल्या असतील तिथे पातं थडथडायला लागतं. आमच्या आर्मेचरवर ते सगळीकडेच थडथडलं. “बघा,” तो म्हणाला, “नाक बरोबर होतं.” नऊशे रुपये, पंधरा दिवस. पंधरा दिवस म्हणजे त्या धंद्यात दीड महिना, हे मी धरूनच होतो.

त्या दीड महिन्यात चारदा त्याच्या दुकानात बसलो, त्यामुळे थोडं ज्ञान झालं. ड्रिलची मोटर आणि घरातल्या मिक्सरची मोटर एकाच कुळातली. ती एसीवरही चालते आणि डीसीवरही. मला याचं लहानपणापासून कोडं होतं: आपल्याकडची वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, मग मोटर पुढे-मागे, पुढे-मागे न करता एकाच बाजूला कशी फिरते? तर बाहेरची फिल्ड कॉइल आणि आतलं आर्मेचर दोघांतून तोच प्रवाह जातो, आणि दोघंही एकाच क्षणी उलटतात. नवरा-बायकोने एकाच वेळी आपापली बाजू बदलली तर भांडण जसंच्या तसं पुढे चालू राहतं, तसंच. हे मी घरी समजावून सांगितलं. विज्ञान कळलं, उदाहरण आवडलं नाही.

आर्मेचर आलं ते वार्निशने चकचकीत होऊन. आता बेअरिंग. बेअरिंगच्या नंबरात एक सुंदर हिशेब असतो. शेवटचे दोन आकडे ०० असतील तर भोक १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचाचा पाढा. पहिले चार पाठ करायचे आणि मग चार पंचे वीस. माझं ६२०० होतं. ते आर्मेचरच्या दांड्यावर घट्ट बसायला हवं, म्हणजे एकाला गरम करायचं, दुसऱ्याला थंड. बेअरिंग त्या देवाच्या बल्बवर टोपीसारखं ठेवलं. आर्मेचर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्री फ्रीजरमध्ये, मटारांच्या मागे.

सकाळी सहा वाजता आईने पोह्यांसाठी मटार काढले. त्यानंतरचा संवाद इथे देत नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर आता एक चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे: ‘फक्त खाण्याचे पदार्थ.’

बेअरिंग मात्र लोण्यात सुरी जावी तसं गेलं. तो क्षण मला कोणी द्यायला तयार असेल तर मी पुन्हा मटारांची शिक्षा घेईन.

कार्बन (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे काळे तुकडे) मापाचे मिळाले नाहीत. मोठे आणून पॉलिश पेपरवर घासून केले. ती काळी पूड बायकोच्या पांढऱ्या टॉवेलाला लागली, म्हणजे मीच तिथे हात पुसले. चक म्हणजे ड्रिलचं पातं धरणारा जबडा. त्याची चावी नव्हतीच. हा दात्यांचा, चावीने आवळायचा चक जेकब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने १९०२ साली पेटंट केला. जुन्या चकावर बोटांची सालं निघायची म्हणून त्याने तो काढला, असं सांगतात. चावीशिवाय मी तो हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हरने फिरवू पाहिला आणि बोटांची सालं काढून घेतली. म्हणजे मी स्वतःला १९०१ सालात नेऊन ठेवलं.

नवी तीन पदरी वायर जोडली. अर्थिंग नीट स्क्रूने आवळलं, कारण धातूच्या अंगाच्या यंत्राला हात लावायचा तर अर्थिंगशी खेळ नाही. याबाबतीत मी विनोद करत नाही. पुन्हा सिरीज बोर्डवर लावलं. बल्ब मंदसा उजळला आणि चक झोपेतून उठल्यासारखा सावकाश फिरू लागला. मग थेट लावलं. जो आवाज आला त्याने समोरच्या इमारतीवरची कबुतरं उठली. आतून आई ओरडली, “अरे, चटणी झाली असेल, बंद कर मिक्सर!”

हिशेब असा: ड्रिल साडेतीनशे, वाइंडिंग नऊशे, बेअरिंग, कार्बन, वायर, चावी मिळून पाचशे सत्तर, रेडिओ (गुप्त) दोनशे. एकूण दोन हजार वीस. एवढ्या पैशांत नवीन, हलकं, उलटसुलट फिरणारं ड्रिल घरपोच येतं, हे बायकोने मला मोबाइलवर दाखवलं. माझं तीन किलो सहाशे ग्रॅमचं आहे आणि एकाच बाजूला फिरतं. भिंतीत एक भोक पाडून बघितलं. खिळा घातला तर तो भोकात पडला. चार सुताचं भोक मोठं असतं. तिथे आता कॅलेंडर लावलं आहे, सेलोटेपने.

ड्रिल मी हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवलं. पाहुण्यांनी विचारावं म्हणून. पाहुणे विचारत नसत.

विचारलं ते आप्पांनी. गणपतीच्या आधी आमच्या आळीच्या मंडळाचे आप्पा दोन पोरं घेऊन वर्गणीला आले. वय सत्तरच्या पुढे, पण पावतीपुस्तक अजून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. बसले, पाणी प्यायले आणि एकदम थांबले. चष्मा पुसला. उठून ड्रिल उचललं, लहान मुलाला पालथं करतात तसं पालथं केलं आणि मुठीखाली बोट फिरवलं.

“कुठे मिळालं?”

“जुन्या बाजारात.”

“हे आमचं.”

“कशावरून?”

“कशावरून काय? हे ‘परत आणा’ मी कोरून घेतलंय. तांबट आळीत. मंडळाचं पूर्ण नाव घालायचं होतं, पण तो अक्षरामागे पैसे घ्यायचा. पाच अक्षरांत भागवलं.”

“पण आप्पा, कुठे परत आणायचं ते नको का लिहायला?”

“जो नेतो त्याला माहीत असतं,” आप्पा म्हणाले. “एकोणनव्वद साली मांडवाच्या वेळी कोणीतरी नेलं. जाळलं असणार, म्हणून लाजेने आणलं नसेल.” मग माझ्याकडे नीट बघून, जरा मायेने, “असू दे. उशीर केलात, पण आणलंत.”

“अहो, मी नाही नेलं! एकोणनव्वद साली मी तिसरीत होतो!”

“सगळे असंच काही ना काही सांगतात.” त्यांनी ड्रिल एका पोराच्या हातात दिलं. पोरगं वजनाने वाकलं. आप्पांनी पेनाचं टोपण काढलं आणि पावतीपुस्तकात सावकाश लिहिलं: ‘ड्रिल मशिन एक नग, चार सुती, दुरुस्त करून परत मिळाले.’ खाली सही, तारीख. पावती फाडून मला दिली. “आणि वर्गणी किती लिहू? पाचशे एक?”

मी काही बोलायच्या आत बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. पाचशे एक रुपये तिने आधीच मुठीत धरले होते. ते आप्पांच्या हातात ठेवून तिने बाल्कनीचं दार पूर्ण उघडलं आणि विचारलं, “आप्पा, मंडळाचं अजून काही हरवलंय का हो?”