अंतर आता पौंडांत मोजले जाते

ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या सदस्य योजनेचे नियम बदलले, तेव्हापासून लंडन आणि आसपासच्या मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये हा विषय वारंवार निघतो आणि बहुतेक वेळा चर्चा 'आता सिल्व्हर (योजनेतील मधल्या दर्जाचे कार्ड) कसे टिकवायचे' इथेच येऊन अडकते. स्वतःच्या पैशाने, वर्षातून एक-दोनदा, मुख्यतः आई-वडिलांना भेटण्यासाठी मुंबईला जाणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी ते टिकवण्याची धडपड पूर्णपणे थांबवावी, असे माझे मत आहे. अनेकांना ते टोकाचे वाटते, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडत आहे.

पूर्वीच्या पद्धतीत टियर पॉइंट, म्हणजे सदस्याचा दर्जा ठरवणारे गुण, हे अंतराच्या टप्प्यावर आणि प्रवासाच्या वर्गावर ठरत. लंडनहून मुंबईला बिझनेस क्लासने गेल्यास एका बाजूचे १४० पॉइंट, प्रीमियम इकॉनॉमीने ९० आणि सर्वांत स्वस्त इकॉनॉमीने त्याहून बरेच कमी मिळत. तिकीट सवलतीच्या काळात घेतले की ऐन डिसेंबरात, याने बिझनेस आणि प्रीमियमच्या पॉइंटांत काही फरक पडत नसे. ब्रॉन्झसाठी ३००, सिल्व्हरसाठी ६०० आणि गोल्डसाठी १,५०० पॉइंट लागत. नव्या पद्धतीत खर्च केलेल्या प्रत्येक पौंडाला एक पॉइंट मिळतो आणि ब्रॉन्झसाठी ३,५००, सिल्व्हरसाठी ७,५००, तर गोल्डसाठी २०,००० पॉइंट लागतात. सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क या खर्चात धरले जात नाही. हा तपशील लहान वाटला तरी आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण ब्रिटनमधून भारतात जाताना प्रवासी कर म्हणूनच इकॉनॉमीच्या प्रवाशाकडून एप्रिल २०२५ पासून ९० पौंड आणि त्यावरच्या वर्गांतील प्रवाशाकडून २१६ पौंड घेतले जाऊ लागले, आणि त्यातील एक पेनीही पॉइंटांत मोजली जात नाही.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्याने सवलतीच्या काळात मुंबईची बिझनेस क्लासची परतीची तिकिटे वर्षातून दोनदा प्रत्येकी २,००० पौंडांना घेतली. जुन्या हिशेबाने त्याचे ५६० पॉइंट होत आणि युरोपातील बिझनेस क्लासची एक छोटी फेरी जोडली की तो सिल्व्हरला पोहोचत असे. आता कर आणि शुल्क वजा जाता प्रत्येक तिकिटामागे साधारण १,७०० पॉइंट धरले, तर दोन फेऱ्यांनंतर तो ब्रॉन्झच्याही अलीकडे राहतो. प्रीमियम इकॉनॉमीच्या दोन फेऱ्यांत पूर्वी ब्रॉन्झ मिळत असे. आता तेवढ्याच प्रवासात त्याची अर्धी वाटही पूर्ण होत नाही. इकॉनॉमीने जाणाऱ्या कुटुंबाला जुन्या पद्धतीतही फारसे काही मिळत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, परंतु पैसे साठवून कधीतरी वरच्या वर्गाचे तिकीट घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसासाठी एक दार उघडे होते. ते आता बंद झाले आहे. विमानांच्या संख्येवर ब्रॉन्झ आणि सिल्व्हर मिळवण्याचा मार्ग कंपनीने नंतर दिला, पण तो ब्रॉन्झसाठी २५ आणि सिल्व्हरसाठी ५० विमानांचा आहे. दर आठवड्याला एडिनबरा किंवा ॲमस्टरडॅम गाठणाऱ्या माणसाला तो जमेल. वर्षातून एकदा सात हजार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची मात्र त्यात दोनच विमाने मोजली जातात.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. पूर्ण भाड्याचे तिकीट घेणारा आणि सवलतीचे तिकीट घेणारा यांना सारखाच दर्जा का द्यावा, हा तिचा प्रश्न व्यवसायाच्या दृष्टीने रास्त आहे. विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसायला जागा मिळत नाही, ही तक्रार आपणही केलेली आहे. जुन्या नियमांमुळे एक चमत्कारिक सवयही रुजली होती. स्वस्त तिकिटासाठी आधी ओस्लो किंवा सोफियाला जायचे, तिथून दोहामार्गे लांबचा प्रवास करून प्रत्येक टप्प्याचे वेगळे पॉइंट मिळवायचे आणि परत यायचे, तेही कोणाला भेटायचे नसताना आणि काही पाहायचे नसताना. केवळ पॉइंटांसाठी इंधन जाळणारा असा प्रवास कमी झाला, तर मला त्याचा आनंदच आहे.

मात्र हा बदल एका कंपनीची लहर आहे आणि दुसरीकडे गेल्यास आपली कदर होईल, असे मानणे चुकीचे ठरेल. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ॲडव्हांटेज योजना सुरू केली, तेव्हा किती मैल उडालात हाच निकष होता. बक्षिसाचे माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी खर्च करता येणारे पॉइंट, उडालेल्या मैलांऐवजी भाड्यावर देण्याची पद्धत डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी २०१५ मध्ये आणली, अमेरिकनने २०१६ मध्ये, तर एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लूने २०१८ मध्ये. ब्रिटिश एअरवेजनेही ॲव्हिऑस, म्हणजे खर्च करता येणारे पॉइंट, २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच भाड्याशी जोडले होते. दर्जाचा हिशेब तेवढा मागे राहिला होता. एअर इंडियाने २०२४ मध्ये हाच मार्ग धरला. महामारीच्या काळात युनायटेडने आपली माइल्स योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले. विमाने जमिनीवर उभी असताना कर्ज देणाऱ्यांनी ज्या योजनेवर विश्वास ठेवला, ती योजना म्हणजे बँकांना पॉइंट विकणारा एक स्वतंत्र, नफ्याचा व्यवसाय झालेला आहे. अशा व्यवसायाचे नियम आपल्या जुन्या ओळखीवर चालणार नाहीत.

या नियमांवर आपला कायदेशीर हक्क किती, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा दिले आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आधीच मिळवलेल्या माइल्सच्या वापरावर नवी बंधने घातली, तेव्हा सदस्य न्यायालयात गेले. १९९५ च्या निकालात करारभंगाचा दावा करण्याची मुभा राहिली, पण राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचे दावे टिकले नाहीत. दुसऱ्या प्रकरणात नॉर्थवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीने वारंवार तक्रारी करणाऱ्या एका सदस्याचे सदस्यत्व रद्द केले होते. सदस्यत्व रद्द करण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर असल्याचे अटींमध्ये लिहिलेले होते, आणि कंपनीने सद्भावनेने वागायला हवे होते हा त्याचा दावा न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने फेटाळला. हे निकाल अमेरिकेपुरते आहेत, तिथल्या विमान वाहतुकीच्या कायद्यावर आधारलेले आहेत. पण नियम बदलण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवणारे कलम जवळजवळ प्रत्येक योजनेत असते. ज्याचे मोल समोरच्याला केव्हाही बदलता येते, त्याला मी बचत म्हणत नाही.

खर्चावर आधारित योजनेतील एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. नव्या नियमांत वरचा दर्जा सहज मिळतो तो ज्याचे तिकीट त्याची कंपनी काढते त्याला, आणि तिकीट जितके महाग तितका त्याचा वैयक्तिक लाभ मोठा होतो. कामानिमित्त फ्रँकफर्टला जाणाऱ्या माणसापुढे सकाळची दोन विमाने असतील आणि एकाचे भाडे दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर पूर्वी दोन्ही तिकिटांवर फारसा वेगळा दर्जा मिळत नसे. आता महाग तिकीट निवडण्याचे बक्षीस त्याच्या नावावर जमा होते आणि बिल मात्र त्याच्या संस्थेला जाते. ती संस्था विद्यापीठ किंवा सार्वजनिक रुग्णालय असेल, तर ते पैसे शेवटी करदात्याचे असतात. कामाच्या प्रवासाचे तिकीट निवडताना पॉइंटांचा विचार अजिबात करायचा नाही, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि माझ्या हाताखालच्या तरुण सहकाऱ्यांनाही तो स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. यात कोणी अतिरेक पाहिला तरी चालेल. दुसऱ्याच्या पैशाने स्वतःच्या सुखसोयी विकत घेणे मला मान्य नाही.

घरच्या प्रवासाची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रत्येक पौंड आपला असतो. सिल्व्हर कार्डामुळे काय मिळत होते, याची यादी मी आधी शांतपणे केली: आवडीची सीट आधी निवडता येणे, जादा सामान, लाउंज आणि रांगेत थोडे पुढे उभे राहणे. यातील पहिल्या दोन गोष्टींची आम्हाला खरोखर गरज असते. सांगलीहून परतताना दिवाळी अंक, मुलांसाठी मराठी पुस्तके आणि आईने बांधून दिलेले डबे एका बॅगेत मावत नाहीत, आणि बाबांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे मार्गिकेलगतचीच सीट लागते. त्यामुळे आता मी तिकिटाची किंमत पाहताना सीट आणि जादा बॅग यांचे शुल्क त्यात मिळवून मगच कंपन्यांची तुलना करते. दर्जा टिकवण्यासाठी दरवर्षी जी जादा रक्कम मोजावी लागली असती, तिच्यापुढे हे शुल्क फार कमी भरते. लाउंज सुखाचा असतो, हे खरे. तरीही दोन तासांच्या त्या सुखासाठी वर्षभराचे प्रवास एकाच कंपनीला बांधून ठेवणे मला पटत नाही.

दुसरा बदल मार्गाचा. लंडन ते मुंबई थेट विमाने एकाहून अधिक कंपन्यांची आहेत, तरीही पॉइंटांच्या मोहाने दोहामार्गे जाण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना लागली. मध्यरात्री विमान बदलणे तरुण माणसाला जड जात नसेल, पण सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना इंग्रजी सूचनांच्या गर्दीत एकट्याने दुसरे गेट शोधायला लावणे योग्य नाही. त्यांच्यासाठी मी थेट विमानच निवडते आणि कंपनी कोणती याला त्यानंतरचे स्थान देते. मुंबईत उतरण्याची वेळही पाहते, कारण पुढे सांगलीपर्यंतचा रस्ता दिवसा पार पडणे हे कोणत्याही लाउंजपेक्षा अधिक मोलाचे आहे.

भागीदार कंपनीने स्वतः दिलेल्या तिकिटांवर नव्या योजनेतही काही प्रमाणात उडालेल्या अंतराचा हिशेब होतो, आणि त्यातील फटी शोधून काढणारे तक्ते आतापासूनच फिरू लागले आहेत. ते तयार करणाऱ्यांच्या चिकाटीचे मला कौतुक आहे. पण फट उघडकीस आली की ती बुजवली जाते, आणि त्या तक्त्यांप्रमाणे आपण पुढच्या वर्षीचे दौरे आखले असतील, तर पुन्हा सगळे नव्याने आखावे लागते.

साठलेले ॲव्हिऑस मात्र वाया जाऊ देऊ नयेत. खात्यात ३६ महिने काहीच हालचाल झाली नाही, तर ते संपतात; आणि हालचाल असली तरी त्यांची खरेदीशक्ती पुढच्या वर्षी तेवढीच राहील याची हमी कोणी देत नाही. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा तिची पॉइंट योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे टिकली आणि त्याच वर्षी नवे नाव घेऊन चालू राहिली. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते पॉइंट साठवले होते, तीच उरली नव्हती. त्यामुळे 'मुलगी मोठी झाल्यावर मोठ्या प्रवासासाठी' म्हणून ॲव्हिऑस राखून ठेवण्याचा विचार मी सोडला आहे. बक्षिसाच्या सीट ३५५ दिवस आधी उघडतात, म्हणून आता पंचांग पाहून आधीच ठरवते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे इथल्या शाळांच्या सुट्टीत आली होती. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हा ॲव्हिऑस खर्चून आम्ही जाण्याऐवजी आई-बाबांना इकडे आणणे अधिक सोयीचे. बक्षिसाच्या तिकिटावरही रोख रक्कम भरावी लागतेच. ती आणि त्या दिवसाचे साधे भाडे यांतील फरक नीट पाहावा आणि फरक किरकोळ असेल तर साधे तिकीट घ्यावे.

दर्जाचा हव्यास सोडला म्हणून ग्राहक म्हणून बोलणेही सोडावे, असे नाही. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये कडक नियम जाहीर केले, तेव्हा सदस्यांनी एवढा विरोध केला की कंपनीच्या प्रमुखांना आपण फार पुढे गेलो हे मान्य करावे लागले आणि पुढच्याच महिन्यात काही नियम सौम्य झाले. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांच्या योजनांची चौकशी सुरू केली. ब्रिटिश एअरवेजचा बदल ३० डिसेंबर २०२४ रोजी जाहीर झाला आणि तीन महिन्यांत लागू झाला. ज्या योजनेत सीट ३५५ दिवस आधी राखता येते, त्या योजनेने मोठ्या बदलाची पूर्वसूचना किमान एक पूर्ण सदस्यवर्ष आधी द्यावी, आणि आधीच मिळवलेल्या पॉइंटांचे मोल त्या मुदतीत कमी करू नये, एवढी मागणी मी कंपनीला आणि माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना लेखी कळवली आहे. ज्यांना ती पटते त्यांनी आपापल्या शब्दांत अवश्य लिहावे. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळ्या कुटुंबांचे खरे हिशेब वाचणाऱ्याला जास्त विचार करायला लावतात.