स्लो धरत नाही

परवा सिग्नलला माझी मोटरसायकल चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला नाही, नुसता सुस्कारा सोडला. हॉर्न परवडला असता. तो सुस्कारा मला हेल्मेटच्या आतूनही ऐकू आला.

गाडी २२ वर्षांची आहे. पळताना अजून झक्कास पळते, थांबली की मान टाकते. मोकळ्या रस्त्यावर, जिथे बघायला काळं कुत्रं नाही, तिथे हिची चाल राजेशाही. लाल दिवा लागून आजूबाजूला चार माणसं जमली, की आधी उगाच वरच्या पट्टीत ओरडणार, मग घुटमळणार, थरथरणार, आणि शेवटी सायलेन्सरमधून एक ‘फट्’ काढून गप्प होणार. गप्प होण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या ‘फट्’बद्दल आहे.

तर ढकलत कडेला घेतली आणि किका मारू लागलो. सातव्या किकेला मागून आवाज आला, "थांबा."

वळून बघितलं. साधारण सत्तरीचे एक काका. काखेत छत्री, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर माझ्या गाडीची नसून त्यांच्याच वेळेची नासाडी होत असल्याचा भाव.

"आता मारा. आणि रेस देऊ नका."

"रेस दिली नाही तर बंद पडते, काका."

"पडू द्या ना. कशी पडते तेच ऐकायचंय."

एवढ्या आत्मविश्वासाने कुणी बोललं की माझे हातपाय आपोआप ऐकतात. किक मारली, गाडी लागली. काकांनी डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली आणि एक बोट वर धरलं. गाडी ओरडली, थरथरली, ‘फट्’ करून बंद पडली. काका म्हणाले, "हं." डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणतात तसलं, पुढे काही न सांगणारं ‘हं’.

"परत."

असं पाच वेळा. माझी पिंढरी भरून आली. तोवर एक पोरगा थांबून "कचरा आला असेल" सांगून गेला. स्कूटरवरच्या बाईंनी "पेट्रोल आहे ना?" विचारलं. मी टाकीचं झाकण उघडून त्यांना पेट्रोल दाखवलं. का दाखवलं, मला माहीत नाही. त्या पेट्रोल बघून, समाधानाने मान डोलवून गेल्या.

"तुमच्याकडे कुठली गाडी होती, काका?" मी धापा टाकत विचारलं.

"छे! मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. तोल जातो माझा."

"मग हे…?"

"पेट्या दुरुस्त करायचो. हार्मोनियम. ४० वर्षं." आणि मग छत्रीच्या टोकाने इंजिनाकडे बोट दाखवत, "भाता फाटलाय."

"काका, याला भाता नसतो."

"हवा ओढते ना?"

"ओढते."

"मग असतो."

"अहो, पण…"

"हे बघा. कचरा अडकला असता तर सूर बसला असता. हिचा बसत नाही. आधी चढतो, मग लटपटतो, मग उतरतो. मधे कुठेतरी फट आहे, तिथनं फुकटची हवा शिरतेय. पेटीचा भाता उसवला की अस्संच होतं. चामडं लावून घ्या." आणि मी तोंड उघडायच्या आत ते चालू पडले. चामडं! कार्बोरेटरला!

त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की आणखी कुठलाही बिघाड चालेल, पण भाता फाटलेला नसावा.

आता कचऱ्याबद्दल. मोटरसायकलबद्दल काहीही माहीत नसलेला माणूससुद्धा ‘कचरा आला असेल’ एवढं आईच्या पोटातून शिकून येतो. वाईट याचं की पुष्कळदा ते खरं असतं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं: खालच्या वाटीत संडासाच्या फ्लश टाकीसारखा तरंगता फ्लोट, पेट्रोल भरलं की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो. वर हवेचा बोगदा, आणि दोहोंच्या मध्ये पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी. इंजिन चालू आणि गाडी उभी असताना तिचा सगळा संसार ज्या पायलट जेटवर चालतो, त्याचं भोक अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल उडून मागे जो चिकटा राहतो, तो तेवढ्या भोकाला पुरतो. बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडवायची ही युक्ती १८९३ साली हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने आणि जर्मनीत माइबाखने वेगवेगळी काढली. तिघेही थोर. तिघांपैकी कुणालाही मागे सुस्कारे घेऊन सिग्नलला उभं राहावं लागलं नसणार.

मी दोन रविवार घातले. पहिला रविवार वाटीचे चार स्क्रू काढण्यात गेला. जपानी घडणीच्या गाड्यांचे स्क्रू दिसायला साध्या चौफुलीसारखे असतात, पण खाच निराळी. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. माझ्या आधी कुणीतरी ते खाऊन ठेवलंच होतं. कोणी ते मला माहीत आहे. हा तोच मेकॅनिक, ज्याच्याकडे मी ‘स्लो धरत नाही’ (म्हणजे रेस सोडली की इंजिन हळू चालत राहत नाही) म्हणून गाडी तीनदा नेली आणि ज्याने तिन्ही वेळा स्लोचा स्क्रू अर्धा फेरा पिळून "झालं, साहेब" म्हटलं. बाळ रडतंय म्हणून रेडिओ मोठा करायचा, असा हा इलाज. दोन दिवस गाडी बंद पडत नाही, नुसती बोंबलते. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘फट्’. पायलट जेटमध्येही तार घालून झालेली दिसत होती. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग जेट बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. हे मला कळतं आणि ज्याचा हा धंदा त्याला कळत नाही, याचा राग मला अजून आहे. हा लेख विनोदी व्हावा अशी इच्छा होती, पण तो स्क्रू आठवला की माझी दातखीळ बसते.

असो. जेट नवं घातलं. वाटी धुतली. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढला. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक फुंकून बघितलं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, तेही पाहिलं. ठिणगी पाडणारा प्लग काढला तर टोक पांढरंफटक. खरं म्हणजे ते फिकट तपकिरी हवं. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हवा कमी करणारा चोक ओढला की गाडी शहाण्यासारखी चालायची, म्हणजे पुन्हा तेच, हवा जास्त. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि माझी गाडी कुठून तरी जास्तीची मारत होती. सगळे साक्षीदार एकच नाव घेत होते आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर पाठवत होतो.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, कुणी बघत नाही याची खात्री करून, मी कुंड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली. इंजिन चालू ठेवलं आणि कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणाऱ्या रबरी गळ्यावर एक फुसकारा मारला. ओरडणारी गाडी एकदम खाली आली, क्षणभर छान चालली आणि पाणी आत शोषलं गेल्यावर पुन्हा ओरडू लागली. रबर काढून वाकवलं. खालच्या बाजूला, वरून कधीच दिसणार नाही अशा जागी, नखाएवढी भेग. वाकवली की ओठासारखी उघडायची. थांबलेल्या गाडीत स्लाइड, म्हणजे रेस दिली की उघडणारी हवेच्या बोगद्यातली झडप, जवळजवळ बंद असते, त्यामुळे इंजिनाची ओढ त्या गळ्यावर सगळ्यात जास्त. म्हणून पळताना ठीक आणि सिग्नलला तमाशा.

भाता फाटला होता.

नवा गळा बसवला. गाडी अशी चालू लागली की सिग्नलला मीच उगाच आजूबाजूला बघायचो, कुणी ऐकतंय का. त्या रस्त्याने मात्र आठवडाभर गेलो नाही. गेलो तेव्हा काका तिथेच, छत्रीसकट.

"भाता शिवला वाटतं," ते म्हणाले.

"शिवला नाही. नवा बसवला." हे वाक्य तोंडातून काढताना मला जो त्रास झाला तो त्या चार स्क्रूंनीही दिला नव्हता.

काकांनी डोळे मिटले. बोट वर. मी श्वास रोखला.

"त्या दिवशी उतरताना ती मधे एका जागी क्षणभर टेकायची ना, तो हिचा सा. आज तुम्ही तिला गंधारावर बसवलीय."

"मला अशीच आवडते," मी म्हणालो आणि हिरवा दिवा लागायच्या आधीच क्लच दाबला.

घरी येऊन पुस्तिका काढली. स्लो मिनिटाला १,३०० फेऱ्यांवर हवा. सा ते ग म्हणजे सव्वापट, म्हणजे १,६२५. खाली जाऊन गाडी गरम केली आणि मीटर बघितलं. काटा १,६०० च्या जरासा पुढे.

स्क्रू मी फिरवलेला नाही. पेट्रोल थोडं जास्त जातंय आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. तोही त्यांनी ऐकला असणार.